स्वतः बांधलेली आणि जुनी विमानं : अपघातांनी दाखवलेल्या जागा आणि आपली खारी हवा

सडेकर, रत्नागिरी

इंजिनाच्या धाग्यावर 'पंख किती जी (वजनाच्या किती पट भार) सोसेल' याचीच चर्चा वाढत चाललीय, म्हणून हा वेगळा धागा. घरी बांधलेल्या विमानांचे पंख हवेत मोडतात, पण क्वचित. अमेरिकेत २०११ साली अशा विमानांचे २२४ अपघात झाले, त्यातले ५४ जीवघेणे. तिथल्या एनटीएसबीने (वाहतुकीच्या अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) त्यांचा वेगळा अभ्यास केला, त्यात सगळ्यात वर दोन गोष्टी निघाल्या: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत ताबा सुटणं. पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं, त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचत नाही. शिवाय दुसऱ्याने बांधलेलं विमान विकत घेऊन नव्या मालकाने केलेली पहिली उड्डाणंही त्या अभ्यासात ठळकपणे दिसली.

इथे नियम एवढाच: चौकशीत सिद्ध झालेलं कारण सांगा, मग आपल्याकडे काय तपासायचं, कशाने आणि किती, ते लिहा. नुसतं 'वैमानिकाची चूक' लिहून कोणी पोस्ट संपवू नये. चूक कुठल्या वस्तूमुळे सोपी झाली, ते महत्त्वाचं.

पहिला दाखला गायक जॉन डेन्व्हर यांचा. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे उपसागर, दुसऱ्याने घरी बांधलेलं, विकत घेतलेलं लाँग-ईझी विमान. मूळ ड्रॉइंगमध्ये पेट्रोलचा कॉक (टाकी निवडायची तोटी) वैमानिकाच्या दोन पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. केबिनमध्ये पेट्रोलची नळी नको, हा हेतू चांगलाच. पण कॉक फिरवायचा तर स्टिकवरचा हात बदलायचा, अंग मागे वळवायचं, आणि असं वळताना उजवा पाय नकळत रडरच्या (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर दाबला जातो, हे चौकशीतल्या चाचणीत दिसलं. हँडल कडक, त्यावर खुणा नाहीत, उजवीकडे फिरवलं की डावी टाकी चालू. टाकीच्या काचनळीवर लिटरचे आकडे नाहीत. निघताना पेट्रोलही कमीच. यातली एकेक गोष्ट निभावून नेता आली असती.

आपल्याकडे तपासायचं असं: सीटचे पट्टे पूर्ण आवळून बसा, डोळ्यांवर फडका बांधा, कॉक प्रत्येक टाकीवर नेऊन परत आणा. खांदा पट्ट्यातून सोडवावा लागला, स्टिक हलली, किंवा दोन बोटांनी फिरला नाही, तर तो कॉक त्या जागी नापास. हँडलचं टोक ज्या टाकीकडे, तीच टाकी चालू हवी. 'बंद'वर जाण्याआधी खटका हवा. टेपर प्लगचे पितळी कॉक वंगण धुऊन गेलं की हळूहळू अडकतात. त्यापेक्षा बॉल व्हॉल्व्ह बरा.

कार्बुरेटरवाला, अलिबाग

कॉकच्या पुढचं मी लिहितो.

प्रवाहाची चाचणी सपाट जमिनीवर घेतली तर तिला अर्थ नाही. विमानाचं नाक चढाईच्या कोनात हवं. शेपटीला चाक असेल तर ते खड्ड्यात उतरवा, नाकाला असेल तर ते फळ्यांवर चढवा. टाकीत तळाचं, म्हणजे न वापरता येणारं पेट्रोल आणि वर थोडंसंच. कार्बुरेटरजवळ नळी सोडून मोजपात्रात एक मिनिट धरा. गुरुत्वाने पेट्रोल येत असेल तर टेकऑफच्या खपाच्या दीडपट यायला हवं, पंप असेल तर सव्वापट. रोटॅक्स ९१२ चं ८० एचपीचं इंजिन टेकऑफला ताशी साधारण २४ लिटर पितं. म्हणजे गुरुत्वाने मिनिटाला ६०० मिली, पंपाने ५०० मिली. दोन पंप असतील तर दोन्हींचं वेगवेगळं मोजा.

यात एक हमखास फसगत होते. भरायला सोपं म्हणून टाकीचं झाकण उघडं ठेवून चाचणी घेतली जाते, आणि व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) बुजलेला असला तरी आकडा उत्तम येतो. झाकण बंद करूनच घ्या, आणि एक मिनिट नाही, दहा मिनिटं वाहू द्या. व्हेंट बंद असेल तर धार बारीक होत जाते.

कोकणात व्हेंट आणि पिटो (वेग मोजायची नळी) यांचा पहिला शत्रू कुंभारीण माशी. मातीचं घरटं करायला तिला फार वेळ लागत नाही आणि नळीचं भोक तिला नेमकं बेताचं वाटतं. बिर्गेनएअर ३०१ हे बोइंग ७५७ प्रवासी विमान, ६ फेब्रुवारी १९९६, १८९ माणसं गेली. विमान आधी सुमारे तीन आठवडे उभं होतं, पिटोवर झाकण नव्हतं, पिटो बुजला, आणि संशय याच जातीच्या माशीवर होता. झाकण लाल कापडी पट्टीसकट घाला, पट्टी वितीपेक्षा लांब, म्हणजे काढायची राहिली तर दिसेल. झाकणाला पर्याय म्हणून बोळा कोंबू नये, आत सरकतो.

आणखी एक: कॉक बंद केल्यावर इंजिन जमिनीवर किती सेकंद चालतं ते घड्याळाने मोजून पॅनेलवर चिकटवा. कॉक चुकून बंदच राहिला तर फ्लोट बाउल (कार्बुरेटरमधली पेट्रोलची वाटी) आणि नळीतल्या पेट्रोलवर ते रांगत जाऊन धावपट्टीच्या टोकापर्यंत आरामात पोचतं, आणि नेमकं झाडांच्या उंचीवर थांबतं.

देवगडचो

ह्यां सगळां बरां आसा, पण पंपार आता ई-२०च गावता. तां इंजिनाक चलात काय?

कार्बुरेटरवाला, अलिबाग

देवगडकर, रोटॅक्स ९१२ ला कंपनीची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंत आहे. ई-२० म्हणजे २० टक्के, ते त्याच्या वर गेलं. जुन्या लायकमिंग-कॉन्टिनेंटल इंजिनांना तर इथेनॉल मुळीच नको. खरा पर्याय १०० एलएल एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात बनवतं. बॅरल आणायचा खर्च इंजिन उतरवण्यापेक्षा कमीच.

तरी पंपाचं पेट्रोल तपासायची रीत माहीत असावी. १०० मिलीचं उभं मोजपात्र घ्या. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. वाढला तर ते इथेनॉल पाण्यात उतरलेलं आहे.

नुकसान तीन ठिकाणी होतं. जुन्या रबरी नळ्या आतून फुगून सुटतात, आणि बाहेरून नळी नवी दिसते. फायबरच्या टाकीचं रेझिन चुकीचं असेल तर मऊ पडतं, त्याचा चिकट गाळ फिल्टरला बसतो. तिसरं दमट हवेचं: अर्धी टाकी चार महिने ठेवली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि प्रमाण हद्दीबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. तळाच्या ड्रेनमधून नमुना काढताना नेहमीसारखे पाण्याचे थेंब दिसत नाहीत. सगळंच बाटलीभर एकसारखं दिसतं, कारण ती बाटली त्या थराचीच असते. म्हणून नमुना ओळखीच्या चांगल्या पेट्रोलशेजारी धरून बघा.

पाना_बारा, चिपळूण

नट-बोल्टांचं कोणीतरी लिहायलाच हवं.

रीनो, १६ सप्टेंबर २०११. 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं शर्यतीसाठी बदललेलं पी-५१ मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं, वैमानिकासह ११ जण गेले. मुळाशी काय होतं? एलेव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीच्या) ट्रिम टॅबचे, म्हणजे तिच्यावरच्या छोट्या पट्टीचे, जुने लॉकनट. आतलं लॉकिंगचं कडं झिजलेलं, स्क्रू सैल, टॅबला फ्लटर (हवेच्या वेगाने वाढत जाणारी थरथर), टॅबचा दांडा तुटला आणि विमान वर उसळलं. नट बदलायला किती पैसे लागले असते, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेल्या नटाचा नियम: बोटांनी फिरवत नायलॉनच्या पलीकडे नेता आला तर तो नट फेकायचा. आवळल्यावर बोल्टचा किमान एक पूर्ण आटा बाहेर दिसायला हवा. इंजिनच्या बाजूला, १२० अंशांच्या वर तापणाऱ्या जागी नायलॉन नको, पूर्ण धातूचा लॉकनट हवा. आणि जिथे बोल्ट स्वतः फिरतो, म्हणजे बेलक्रँक, हिंज, रडरचं पेडल, तिथे नायलॉक कधीच नाही. कॅसल नट आणि कॉटर पिन.

टॉर्क (आवळण्याचा जोर), विमानाच्या एएन मानकाच्या बोल्टांचा: एएन-३ ला २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. एएन-४ ला ५० ते ७०, म्हणजे ५.६ ते ७.९. नायलॉकला जो नुसता फिरताना अडथळा असतो, तो आधी मोजून या आकड्यात मिळवायचा. गॅरेजचा मोठा टॉर्क पाना इथे कामाचा नाही, त्याचा काटा सुरू होतो तिथे आपलं काम संपलेलं असतं. आवळल्यावर नट आणि पत्र्यावरून लाल लॅकरची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय.

आता आपल्या बाजाराचं. पाव इंची बोल्ट ६.३५ मिमी, एम-६ म्हणजे ६ मिमी. भोक पाव इंचाचं आणि बोल्ट एम-६ चा, तर ०.३५ मिमीची ढिलाई पहिल्या दिवसापासून. पिवळसर झिंकचा मुलामा दिसायला कॅडमियमसारखाच असतो, त्यावर जाऊ नका, डोकं बघा. एएनच्या पोलादी बोल्टवर फुली किंवा तारा असतो, गंजरोधक पोलादावर एक उंच रेघ, अॅल्युमिनियमवर दोन. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट बाकासाठी ठेवा.

लॉकवायर ०.८ मिमीची, इंचाला ६ ते ८ पीळ, आणि ओढ नेहमी नट आवळला जाईल त्या दिशेला. टर्नबकलच्या (केबल ताणायच्या आट्यांच्या जोडाच्या) नळीबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत.

शिकाऊ_१९

छान माहिती. कंट्रोल उलटे जोडले जाणं खरंच होतं का? ऐकून अशक्य वाटतं.

पाना_बारा, चिपळूण

होतं, आणि बहुतेकदा केबल बदलल्यानंतरच्या पहिल्या उड्डाणात. केबल दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या असल्या की उलट बसतातही तितक्याच छान. 'मोकळं चालतंय' एवढं पाहून माणूस निघतो, दिशा पाहत नाही. सोपी खूण: स्टिक मुठीत धरा, अंगठा उभा ठेवा. स्टिक ज्या बाजूला नेली, अंगठा तिकडे झुकतो. त्याच बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलं पाहिजे. जोडणाऱ्याने नाही, दुसऱ्या माणसाने बघायचं. जोडणाऱ्याचे डोळे त्याला हवं तेच बघतात.

हर्णै_फायबर

होड्यांचं काम करणाऱ्यांना हा विषय रोजचा आहे, फक्त आमच्याकडे पत्रा जाडा असतो. विमानाचा पत्रा ०.५ ते १ मिमीचा, त्याला गंज जाड पत्र्याच्याच वेगाने खातो, पण मागे उरत काही नाही.

मोठा दाखला मायामीचा. चॉक्स ओशन एअरवेजचं ग्रमन मॅलर्ड, १९४७ सालचं, समुद्रावरून उडणारं विमान. १९ डिसेंबर २००५ ला पंख तुटला, २० जण गेले. पंखाच्या आतल्या भागात थकव्याची भेग वाढत होती. आधी त्याच पंखातून पेट्रोल गळत होतं आणि सीलंट लावून गळती थांबवली जात होती. गळती हे दुखणं नव्हतं, लक्षण होतं. म्हणून जुन्या विमानात एकाच जागी दुसऱ्यांदा गळती झाली की सीलंटची नळी खाली ठेवायची आणि पत्रा उघडायचा.

आपल्या किनाऱ्यावर काय काय जोडू नये: अॅल्युमिनियममध्ये उघडा स्टेनलेसचा बोल्ट (मीठ असेल तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं, बोल्ट चकचकीत राहतो), आणि कार्बन फायबरला टेकलेलं अॅल्युमिनियम. कार्बन असेल तर मध्ये काचतंतूचा एक थर हवाच. बोल्ट बसवताना इपॉक्सी प्रायमर किंवा पॉलिसल्फाइड सीलंट ओला असतानाच बसवा, भोकाच्या आतल्या भिंतीलाही लागला पाहिजे. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे रिव्हेट मारण्याआधी दोन्हीला प्रायमर. नंतर बाहेरून कितीही रंग मारलात तरी त्या फटीत ओल बसतेच.

ओळखायचं कसं? रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला फोड, फोड फोडला की करडी-पांढरी भुकटी. रिव्हेटमागून हवेच्या दिशेने काळपट ओघळ दिसला तर तो सैल आहे, घासतोय. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात सगळ्यात खालची, शेपटीकडची नळी आधी जाते. पाणी तिथे साचतं. अणकुचीदार पोगराने ठोकून बघा, ०.९ मिमीची नळी आतून खाल्लेली असेल तर पोगर सरळ आत जातो. नवीन सांगाड्यात गरम जवस तेल ओतून, सगळीकडे फिरवून, उपसून मग भोक बंद करायची जुनी रीत आजही चांगली आहे.

धुवायचं गोड्या पाण्याने, समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी. प्रेशर पंपाने बेअरिंगवर मारू नका, ग्रीस बाहेर आणि मीठ आत. आणि पोटाखालची निचऱ्याची भोकं टाचणीने मोकळी आहेत ना बघा, आतून बुजलेली असली तरी बाहेरून भोक दिसतंच.

सडेकर, रत्नागिरी

हर्णैवाले, 'गळती हे लक्षण' या वाक्यासाठी धागा सार्थकी लागला. याच जातीचा आणखी एक: १६ डिसेंबर २०१३, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावर टायगर मॉथ हे जुनं दुपंखी विमान हवेत मोडलं, दोघं गेले. पंखांचा ताण पेलणारे सांगाड्यातले आडवे टाय रॉड आट्यांच्या जागी थकव्याने तडकलेले होते. ते मूळ नव्हते, नंतर बनवून बसवलेले होते. जुन्या विमानासाठी कोणी लेथवर रॉड करून देत असेल तर मापं जुळतीलच. आटा कापलाय की रोल केलाय, आट्याच्या मुळाशी गोलाई किती, धातू कुठला, हे विचारा. दोन सारखे दिसणारे रॉड तिथेच वेगळे होतात.

आपल्या हवाई दलाच्या विंटेज ताफ्यातही टायगर मॉथ आहे. त्याच ताफ्यातल्या डकोटाचं नाव 'परशुराम', म्हणजे कोकणाचं नातं तिथेही. अवांतर संपलं.

ओंडका, सावंतवाडी

लाकडी विमानांबद्दल.

३१ मार्च १९३१, कॅन्ससमध्ये फोकर एफ-१० विमानाचा लाकडी पंख हवेत तुटला, आठ जण मेले. आतल्या ओलीने पंखाचे डिंकाचे सांधे सुटले होते आणि पंख न उघडता ते दिसत नव्हते. १९४४ मध्ये भारतात आलेल्या मॉस्किटो या लाकडी युद्धविमानांचे पंख सुटू लागले तेव्हा सगळ्यांनी आधी आपल्या हवामानावर खापर फोडलं. तपासात कारखान्यातल्या जोडणीतल्या फटीही निघाल्या. डिंक फट भरून काढत नाही. सांधा लाकडाला लाकूड टेकेल असाच तासायला हवा.

लाकडातली ओल ८ ते १२ टक्के असताना जोडणी करायची. आपल्याकडे जुलैत हवा ८५-९० टक्के दमट असते, तेव्हा उघड्यावरचं लाकूड १८-२० टक्क्यांवर जाऊन बसतं. त्या वेळी जोडलेला सांधा मार्चमध्ये आक्रसतो आणि ओढ सगळी डिंकावर येते. म्हणून जोडणी नोव्हेंबर ते एप्रिल, किंवा बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून. पिना टोचायचा मीटर स्वस्त मिळतो, तो टोकाला नाही, मधोमध टोचा.

डिंकाचा प्रत्येक घाणा कालवला की त्यातूनच दोन नमुना-सांधे करून तारीख लिहा. पूर्ण वाळल्यावर पाचर घालून फोडा. लाकूड फाटलं तर पास. डिंकाच्या रेषेत स्वच्छ सुटला तर त्या दिवसाचं सगळं काम पुन्हा. हळहळ वाटते, पण कापडाखाली जाण्याआधीच वाटून घ्यावी.

इपॉक्सीवर दमट हवेत मेणचट साय येते. ती पॉलिशपेपरने नुसती घासली तर आत दाबली जाते. आधी साध्या पाण्याने स्पंजने धुवायची, पुसायची, मग घासायची. तसं न करता वर दुसरा थर दिला तर तो पदराने निघतो.

जुन्या विमानात दुधाच्या केसिनचा डिंक असेल तर त्याला बुरशी लागते. वास आला की आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघाच.

शिकाऊ_१९

काका, स्प्रूसऐवजी सागाचं चालेल का? इथे उत्तम मिळतो. आणि प्लाय मरीनचा?

ओंडका, सावंतवाडी

साग टिकतो, पण स्प्रूसपेक्षा साधारण दीडपट जड, आणि त्याच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही. पंखाच्या स्पारला (मुख्य तुळईला) नको. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०, उकळत्या पाण्याला टिकतो हे खरं, पण त्याच्या मधल्या थरात गाठी-फटी चालतात. आपल्याला लागतो तो १ ते ३ मिमीचा, फट नसलेला विमानाचा प्लाय. सीटच्या फळीला मरीन वापरा हवा तर.

कापडकाम, वेंगुर्ले

स्टीव्ह विटमन हे विमानबांधणीतलं फार मोठं नाव. वयाच्या ९१ व्या वर्षी, २७ एप्रिल १९९५ ला, स्वतः बांधलेल्या विमानात पत्नीसह गेले. पंखावरचं पॉलिस्टर कापड प्लायवुडपासून सुटलं, त्यातून एलेरॉन आणि पंखाला फ्लटर. कापड एका पद्धतीचं, चिकटवण दुसऱ्या पद्धतीचं. त्यांच्यासारख्या माणसाच्या हातून झालं, यातच काय ते आलं. कापड, सिमेंट, फिलर, रंग हे एकाच कंपनीच्या एकाच पद्धतीतले घ्या, आणि 'हे पण तसंच असतं' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

पॉलिस्टर इस्त्रीने आक्रसतं: आधी १२१ अंश, मग १७७. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर विश्वास नको, थर्मामीटर लावून खुणा करून घ्या. फार तापली की कापड उलट सैल पडतं आणि पुन्हा घट्ट होत नाही.

जुनं सुती किंवा लिननचं कापड असेल तर ताकद मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली की बदलायचं. कोकणात बुरशी आतून लागते, वर डोप (कापड ताठ करणारा लेप) चकाकत असतो. डोप मारायचा दिवसही बघून घ्यावा. हवा ७० टक्क्यांच्या वर दमट असेल तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि डोप पांढरा पडतो. तो पांढरेपणा रंगाचा दोष नाही, तिथला थर कच्चा आहे.

आणि एक: एलेरॉन, रडर, एलेव्हेटर पुन्हा रंगवले की पुन्हा तोलायचे. हिंजच्या मागे ५० ग्रॅम रंग चढला तरी तोल बिघडतो. झोडियॅक सीएच-६०१ एक्सएल हवेत मोडल्याच्या अपघातांवरून २००९ मध्ये एनटीएसबीने ती जमिनीवर ठेवायची शिफारस केली होती. त्यात फ्लटर आणि एलेरॉनच्या केबलचा ताण हेच मुद्दे होते. ताण मोजायचं यंत्र नसेल तर आणा, अंगठ्याने दाबून कळत नाही.

कार्बुरेटरवाला, अलिबाग

वेंगुर्ल्याच्या ताईंना +१. पुस मॉथ विमानाचंही असंच. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला आले ते याच जातीचं विमान. पण १९३० ते १९३३ मध्ये या जातीची काही विमानं हवेत तुटली. उपाय निघाला तो पंखाच्या पुढच्या स्ट्रटला (पंख तोलणाऱ्या तिरक्या दांड्याला) दिलेला छोटासा आडवा आधार. आज कोणी पुस मॉथ पुन्हा उभं करत असेल आणि तो आधार 'मूळ रूपात नव्हता' म्हणून काढायचा विचार असेल, तर कृपया नको.

ओंडका, सावंतवाडी

पट्ट्यांचं राहिलं. हॅरिसन फोर्ड, ५ मार्च २०१५, सांता मोनिका, रायन पीटी-२२. कार्बुरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मापाने सोडणारी बारीक तोटी) आट्यांतून सुटला, मिश्रण अतोनात दाट झालं, इंजिन गेलं. पण डोक्याला-अंगाला मार का लागला ते बघा: खांद्याचे पट्टे नंतर बसवलेले, सीटच्या पाठीच्या पत्र्याला, मागे पुरेसा आधार न देता. धक्क्यात पत्राच फाटला. जुन्या विमानात खांद्याचे पट्टे बसवायलाच हवेत, पण सांगाड्याच्या नळीला. खांद्यापासून मागे जाताना पट्टा सरळ किंवा किंचित वर जावा. खाली उतरत गेला तर धक्क्यात पाठीचा कणा दाबला जातो.

मतलई, मालवण

आता उडायचा दिवस.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवताना मतलई वारा जमिनीकडून असतो, हलका आणि गार. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि खारा वारा समुद्राकडून सुरू होतो. म्हणजे ज्या टोकाने निघालात त्याच टोकाने परत उतरायला गेलात तर वारा पाठीत. पहिल्या उड्डाणाचा बेत आठपर्यंत उरकेल असाच करा. सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) कडेवर खारा वारा आदळून वर चढतो आणि सड्यावर आल्यावर खाली दाबतो. उतरताना नेमकं कडेच्या आतल्या बाजूला विमान बुडतं. वेग दोन-चार नॉट जास्त ठेवा.

कार्बुरेटरमध्ये बर्फ थंड देशातच धरतो, हा गैरसमज इथे महागात पडेल. २६-२८ अंश आणि ८५ टक्के दमट, म्हणजे आपली पावसाळ्याची सकाळ, हीच कमी थ्रॉटलवर बर्फ धरायची हवा. खुणा: आरपीएम हळूहळू उतरतात, इंजिन थोडं खडबडतं. कार्बुरेटरला गरम हवा देणारी खिटी पूर्ण ओढायची, अर्धी नाही. ओढल्यावर इंजिन आधी आणखी वाईट चालतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. तिथे घाबरून परत ढकलू नये. उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच ओढा.

इंजिन गेलं तर मागे वळायचं का? हे जमिनीवर बसून अंदाजाने ठरवायचं नसतं. ३,००० फुटांवर चढाईच्या वेगात थ्रॉटल बंद करा, चार सेकंद काहीच करू नका (खऱ्या वेळी तेवढा वेळ जातोच), मग २७० अंश वळा आणि किती उंची गेली बघा. त्यात अर्धी आणखी मिळवा. त्या आकड्याखाली सरळ पुढेच. पुढे कलमांची बाग असेल तर दोन ओळींच्या मधून. सड्यावर लांबून सपाट दिसणाऱ्या जागेत चिरेखाण असते, ती उभ्या कडांची आणि वरून सावलीसारखी दिसते. आसपासच्या खाणी आधी नकाशावर लाल करा.

पुळणीवर उतरायचं झालं तर ओहोटीचा ओला, कठीण पट्टा. वरची कोरडी वाळू चाक धरून ठेवते. पाण्यातच जावं लागलं तर लाटांच्या रांगेला समांतर, दार आधीच किलकिलं करून त्यात बूट अडकवा, कारण चाकं खाली असलेलं विमान पाण्याला लागताच उलटतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, पण बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर छताला चिकटता.

सडेकर, रत्नागिरी

वजनाचं थोडक्यात, कारण सूत्र सगळ्यांना माहीत असतं आणि मोजत कोणी नाही. तीन काटे, विमान उड्डाणाच्या पातळीत, दारं बंद, वारा नाही. समजा मुख्य चाकं १५२ आणि १४८ किलो, नाकाचं ६० किलो. संदर्भरेषेपासून मुख्य चाकं २.१० मीटर, नाकाचं ०.७५. म्हणजे ३०० × २.१० = ६३०, ६० × ०.७५ = ४५, बेरीज ६७५, भागिले ३६० म्हणजे १.८७५ मीटर. रंग, रेडिओ, बॅटरीची जागा, काही बदललं की पुन्हा. स्वित्झर्लंडमध्ये ४ ऑगस्ट २०१८ ला पडलेल्या जु-५२ या जुन्या विमानात २० जण गेले. धोकादायक तऱ्हेने उडवणं हे त्याचं कारण ठरलंच, पण गुरुत्वमध्यही हद्दीच्या मागे गेलेला निघाला.

संपादक मंडळ

तांत्रिक चर्चा उत्तम. मात्र डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय भारतात कुठलंही स्वतः बांधलेलं विमान उडवता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. रत्नागिरीच्या धावपट्टीवर तटरक्षक दल आहे, चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाला प्रवासी विमानं येतात. 'गुपचूप एक चक्कर' सुचवणारे प्रतिसाद उडवले जातील.

देवगडचो

उडवन्याचां नंतर बघू. पावसात इमान ठेवूचां कसां? ताडपत्री घालून?

हर्णै_फायबर

ताडपत्री नको देवगडकर. खाली वाफ कोंडते आणि आतून ठिबकते. श्वास घेणारं कापडी कव्हर, वर पत्र्याची शेड, दोन बाजू मोकळ्या. टाक्या एव्हगॅसने काठोकाठ भरा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. बॅटरी घरी. स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावा, निळ्याचे गुलाबी झाले की बदला. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करणं सर्वात वाईट. तेल गरम होत नाही, आत पाणी मात्र तयार होतं. चालवायचंच तर उडून अर्धा तास, नाहीतर नकोच.

ओंडका, सावंतवाडी

पंखा (प्रोपेलर) लाकडी असेल तर पाती आडवी करून ठेवा. उभी ठेवली तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो. गणपतीनंतर हवा कोरडी व्हायला लागते, ऑक्टोबरात लाकूड आक्रसतं आणि हबचे बोल्ट सैल पडतात. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी सहाही बोल्टांची लॉकवायर कापा, टॉर्क बघा, नवी वायर घाला, आणि १० तासांनी पुन्हा बघा. टॉर्कचा आकडा पंखा बनवणाऱ्याचा घ्या, बोल्टच्या तक्त्यातला नाही. तक्त्यातल्या आकड्याने लाकूड चिरडतं.